टोरियावरचे सात बोर

जबलपुरात डोंगर म्हणायला कुणी धजत नाही. टोरिया म्हणतात. म्हणजे काय, तर हत्तीएवढाले काळे गोल दगड एकावर एक असे ठेवलेले, की वाटावं राक्षसाच्या पोरांनी लगोरी मांडली होती आणि आईनं जेवायला हाक मारली म्हणून खेळ तसाच टाकून पळाली. शहरात आणि शहराभोवती अशा टोरिया पुष्कळ. त्यातलीच एक नाहर टोरिया. नाहर म्हणजे वाघ. तिथे वाघ कुणी पाहिला, असं विचारलं की पायथ्याच्या वस्तीत राहणारे भय्यासाहेब वझलवार मिशीवर हात फिरवून सांगायचे, "वाघाचं मला माहीत नाही बाप्पा, वाघीण मात्र आहे. सन ऐंशीत मीच वरातीत घेऊन आलो."

ही वाघीण म्हणजे अनसूयाबाई. आर्वीजवळच्या खेड्यातली, सातवी पास, उंची जेमतेम पाच फूट आणि आवाज मात्र असा, की टोरियाच्या माथ्यावरून हाक मारली तर खालच्या गल्लीतल्या चहावाल्याचं दूध उतू जाईल. वझलवारांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत नर्मदेकाठी आले ते इथलेच झाले. भय्यासाहेब तोफगाड्यांच्या कारखान्यात फिटर होते. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि उंबऱ्यावर उभं राहिलं की दोन्ही.

नवी नवरी घरात आली आणि दोनतीन महिन्यांत भाद्रपद लागला. सासूबाई राधाबाईंनी फर्मान काढलं, "परवा गणपती. एकवीस पत्री पाहिजेत. मराठी माणसाच्या गणपतीला नुसत्या दुर्वा वाहून चालत नाही. जा, घेऊन ये."

अनसूया गेली थेट बडा फुहाऱ्याच्या बाजाराला. तिच्या गावी पत्रीचे वाटे विकायला बसत, इथेही बसत असतील असं धरून चालली. एका दुकानदाराला म्हणाली, "भैया, रुई है?"

"है ना दीदी. कितनी दूँ?"

"एकवीस घरांना पुरेल एवढी," असं तिनं आपल्या मनानं, रुबाबात सांगितलं. खरं तर घर एकच होतं, पण नवी सून ना, कमी कशाला मागा! दुकानदारानं कापसाचं हे एवढं गाठोडं बांधून दिलं. मराठीत रुई म्हणजे ते जांभळ्या फुलाचं, चीक येणारं झाड, हनुमंताला ज्याची माळ घालतात ते. हिंदीत रुई म्हणजे कापूस. घरी आल्यावर राधाबाईंनी गाठोडं उघडलं, कापसाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय, गणपतीच्या कानात घालायचं?"

घरभर हसू झालं. अनसूया रडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठली, टोपली घेतली आणि एकटी नाहर टोरिया चढली. बाजारात नसेल तर रानात असेल, हा खेड्यातला हिशेब. आणि होतंच! बेल, बोर, शमी, आघाडा, डोरली, धोत्रा, रुई, माका, विष्णुक्रांत, पिंपळ, ओढ्याच्या काठी अर्जुन, आणि दगडाच्या सांदीत पांढऱ्या दुर्वा. एकवीसपैकी बारा पत्री एका टोरियानं दिल्या. जाई, डाळिंब, तुळस, मरवा ही शेजारच्या अंगणांतून आली. जे मिळालंच नाही, उदाहरणार्थ देवदार, त्याच्या नावानं चिमूटभर तांदूळ वाहिले. ही आपली जुनीच सोय आहे: वस्तू नाही, तर अक्षता.

त्या संध्याकाळी तिनं कारखान्यातून आलेल्या जुन्या वहीत लिहून ठेवलं, कोणतं पान कुठे मिळालं. पुढल्या वर्षी पुन्हा कापूस यायला नको म्हणून. प्रत्येक नावापुढे एकएक पान चिकटवलं. मिळालं नाही तिथे लिहिलं "अक्षता". झालं, तिथून जी वही सुरू झाली ती थांबलीच नाही. पंचेचाळीस भाद्रपद, पाच वह्या. आजूबाजूच्या मराठी घरांना कळलं, तसं त्यांचीही पत्री अनसूयाच आणू लागली. बदल्यात तिची एकच अट. गणपती गेले की निर्माल्य तिला परत द्यायचं. ते ती टोपलीत भरून पुन्हा टोरियावर न्यायची आणि दगडांच्या खाचांत, मातीच्या वितीवितीवर पसरून यायची.

"नर्मदेत सोडावं की," कुणी म्हणालं, तर ही म्हणायची, "जिथून उसनं घेतलं तिथे परत करावं. नर्मदामाईनं काय मागितलं होतं?"

आता त्या वह्यांत काय काय होतं ते ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

पहिल्या आठदहा वर्षांत टोरिया हळूहळू ओकीबोकी होत गेली. वस्ती वाढली, चुली वाढल्या, रोज सकाळी कुऱ्हाडी घेऊन माणसं वर. सालई, खैर, बेल, जे हाती लागेल ते. मग शेळ्या. कुऱ्हाडीनं ठेवलेलं शेळ्यांनी नेलं. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात भूकंप झाला, घरं तडकली, पुन्हा बांधायला दगड हवा म्हणून खडी फोडणारे चढले. गंमत पाहा, धरणी एवढी हलली तरी लगोरीचे दगड जागचे हलले नव्हते; माणसाच्या छिन्नीनं मात्र हलले. वहीत "अक्षता" हा शब्द वाढत चालला. सन दोन हजार दोन तर फारच वाईट. पाऊस रुसलेला, दुर्वासुद्धा करपलेल्या. त्या वर्षी टोरियानं तीनच पत्री दिल्या: रुई, धोत्रा आणि डोरली. शेळी ज्याला तोंड लावत नाही, तेवढंच उरलं होतं. बाकी सगळीकडे घाणेरीचं रान. त्या पानावर अनसूयाबाईंनी लिहिलं होतं, "नऊ अक्षता. देव रागावणार नाही. मला राग आला."

आणि मग उलटा फेरा सुरू झाला. घरोघर गॅसच्या टाक्या आल्या, कुऱ्हाडी गंजल्या. खडी फोडणं बंद झालं. शेळीवाल्यांची मुलं नोकऱ्यांना लागली. मेलेले वाटणारे बुंधे मुळात जिवंत होते; त्यांना धुमारे फुटले. पाखरांनी बोरं खाऊन बिया टाकल्या. निर्माल्याच्या कुजलेल्या मातीत आघाडा तरारला. पाऊस पूर्वीसारखा वेळेवर नसे, यायचा तेव्हा एकदम धो धो यायचा, पण आता माती धरायला मुळं होती. वहीत एकएक अक्षता पुसली जाऊ लागली. दोन वर्षांमागे टोरियाच्या बारापैकी अकरा पत्री टोपलीत आल्या, तेव्हा अनसूयाबाईंनी घरी शिरा केला. भय्यासाहेबांनी विचारलं, "कशाचा शिरा?" तर म्हणाल्या, "पिंपळ आला. बावीस वर्षांनी आला."

अशी सगळी रंगत असताना गेल्या वर्षी वैशाखात दोन माणसं आली, उडणारं यंत्र सोडलं, फोटो काढले, चहा पिऊन गेली. महिन्याभरात टोरियाच्या पायथ्याशी पाटी लागली: "बंजर टोरिया सौंदर्यीकरण". दसऱ्यानंतरच्या सोमवारी काम सुरू. उतार जेसीबीनं सारखा करणार, हिरवळीच्या चटया अंथरणार, बाहेरून आणलेले पाम लावणार, मधोमध कारंजं.

अनसूयाबाई पाटीसमोर उभ्या राहिल्या. "बंजर?" त्या म्हणाल्या. "अहो, हे टोरियाला वांझ म्हणून राहिले!"

दुसऱ्या दिवशी त्या भय्यासाहेबांना घेऊन कचेरीत गेल्या. कचेरी कोणती ते सोडा, सगळ्या कचेऱ्यांत तोच पंखा असतो आणि तोच बाबू. बाबूनं फोटो दाखवला. ऐन मे महिन्यातला. राखाडी दगड, राखाडी काटक्या, मधेच कुल्लूचं एक पांढरंफटक उघडं झाड, भुतासारखं.

"अम्मा, आप ही बताइए, इसमें है क्या? पत्थर और लकड़ी."

"बेटा, वो सूखा नहीं है," अनसूयाबाईंनी समजावलं. "हमारे इधर के पेड़ गर्मी में पत्ते गिरा देते हैं. पानी बचाते हैं. मेंढी भादरल्यावर फोटो काढाल आणि म्हणाल, हिला लोकर येतच नाही!"

मेंढीचं वाक्य मराठीत निघून गेलं होतं. बाबूला ते कळलं नाही, पण भय्यासाहेब एवढ्यानं हसले की बाबूनं दोघांना लेखी अर्ज द्यायला सांगून वाटेला लावलं.

पावसात येऊन पाहा, असा अर्ज सुनेनं, विनतानं, झकास हिंदीत टाइप केला. ती शाळेत शिकवते, तिचं हिंदी पक्कं. पुरावा म्हणून अनसूयाबाईंच्या शेवटच्या वहीतल्या दोन पानांच्या झेरॉक्स जोडायच्या ठरल्या. विनता म्हणाली, "आई, ही मराठीत आहेत. भाषांतर करून देऊ का?"

भय्यासाहेबांनी हात झटकला. "काहून? लिपी तर एकच आहे ना. वाचतील ते. शिकलेली माणसं आहेत."

बस, या एका वाक्यानं सगळं रामायण घडलं.

दोन महिने काहीच नाही. आषाढ गेला, श्रावणही सरत आला. टोरिया हिरवीकंच झाली. अनसूयाबाई रोज सकाळी अंगणातून वर पाहायच्या आणि दसऱ्याचे दिवस मोजायच्या. जेवताना घास हातात राहायचा. रात्री झोप नाही, असं त्या कबूल करायच्या नाहीत, पण विनता सांगते, सासूबाई झोपेत म्हणाल्या होत्या, "सावकाश, बेल आहे तिथे."

आणि श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात पोस्टमननं सहीचं पाकीट आणलं. भय्यासाहेबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दोनच ओळी वाचल्या आणि मटकन खुर्चीत बसले.

"अनसूये, तू टोरियावर काय करून ठेवलं?"

"काय केलं?"

"यात लिहिलंय, तुझ्या कागदावरून असं समजते की नाहर टोरियावर बिना परवानगी सात बोर आहेत. त्यातले दोन नवे. एक सुकला होता, तो आता जोरात चालू आहे. हरितालिकेच्या दिवशी सकाळी नऊ वाजता तपासणीला येऊन राहिले. हजर राहा, नाहीतर दंड! सात बोअरवेल? अगं, मला न सांगता सात?"

अनसूयाबाईंनी शेवटची वही काढून आणली. मग विनताला एकदम उलगडलं. तिनं वहीचं पान पुढे ओढलं. तिथे सासूबाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "बोर – ७. दोन नव्या. ओढ्याकडची सुकली होती, आता जोरात."

"बाबा!" विनता हसता हसता जमिनीवरच बसली. "आपली बोर म्हणजे त्यांचं बेर. आणि त्यांचा बोर म्हणजे..." तिला पुढे बोलवेना. हातानं जमिनीत गिरमिट फिरवल्यासारखं करून दाखवलं.

"लिपी तर एकच आहे ना?" अनसूयाबाईंनी नवऱ्याला त्याचंच वाक्य परत केलं.

विनतानं डोळे पुसले. "मी आत्ता फोन करून सांगते, चूक झाली म्हणून."

"थांब." अनसूयाबाईंचा हात वर झाला. "काहून सांगायचं? दोन महिने मी बोलावून राहिली, या, पावसात या, डोळ्यांनी पाहा. कुणी आलं? बेलासाठी नाही आलं, अर्जुनासाठी नाही आलं. आता बोर पाहायला येऊन राहिले ना? चलो, बोर दाखवू."

"आई, खोटं होईल हो ते."

"एक अक्षर खोटं नाही. लिही उत्तर. जी हाँ, टोरिया पर सात बोर हैं. एक भी हमने नहीं खोदा. आकर देख लीजिए."

विनतानं लिहिलं, पोचतं केलं आणि पोच घेऊन आली.

हरितालिका उजाडली. अनसूयाबाईंचा निर्जळी उपास. तरी नवाच्या आधीच पदर खोचून, टोपली आणि पाचही वह्यांची पिशवी घेऊन पायथ्याशी उभ्या, मागे भय्यासाहेब आणि शाळेतून रजा काढलेली विनता. नऊ वाजले, दहा वाजले, बारा वाजले. भय्यासाहेब तीनदा म्हणाले, "घरी चल, उपास आहे तुझा." त्या तीनदा म्हणाल्या, "उपास माझा आहे, तुमचे काहून पाय दुखून राहिले?"

दुपारी एकच्या पुढे जीप आली. तिच्यातून तपासणी अधिकारी सलोनी मॅडम उतरल्या. वय तिशीचं, पायांत चांगले बूट, कपाळाला आठी. बरोबर टेप, नोंदवही आणि मोटारी जप्त करायची दोरी घेतलेली दोन माणसं.

"अनसूया जी आप हैं? सातों बोर दिखाइए. और मोटरें कहाँ से चलती हैं, वो भी."

"मोटर नहीं है. आप ही चलते हैं," अनसूयाबाई म्हणाल्या आणि चढू लागल्या.

मागोमाग सगळी वरात. पन्नासेक पावलांवर त्या थांबल्या आणि एका झुडपाकडे हात केला. "ये पहला."

दोरीवाला पुढे सरसावला, झुडपाच्या मागे बोअर असेल म्हणून फांद्या बाजूला करू लागला आणि "अरे बाप रे!" करून ओरडला. बाहीत काटे रुतले होते. तो जेवढा ओढी, तेवढं झुडूप त्याला धरी.

"यह क्या है?" मॅडमनी विचारलं.

"बोर."

"अम्मा, यह तो बेर का पेड़ है!"

"तुम्हारा बेर, हमारा बोर," अनसूयाबाई शांतपणे म्हणाल्या. "ऐसे छह और हैं. चलिए, उधर नाले के पास वाला सूख गया था, अब बड़े ज़ोर में है."

भय्यासाहेबांनी डोळे मिटून घेतले. मॅडमनी जोडलेला कागद काढला, तो वाचला, पुन्हा झुडपाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. आणि मग त्यांच्या कपाळाची आठी अशी काही मोडली, की त्या एका दगडावर बसून पोट धरून हसल्या. दोरीवाला बिचारा अजून काट्यांत. अनसूयाबाईंनी त्याची बाही एकेक काटा काढत सोडवली.

हसू ओसरलं तशा मॅडम उठल्या, पँट झटकली. "ठीक है अम्मा. बोर शून्य. हम लिख देंगे. नमस्ते."

चालल्या की हो त्या! टोरिया डोळ्यांनी पाहावी याचसाठी सगळा खटाटोप होता, आणि माणूस टोरियावर येऊन, बोर पाहून, परत जीपकडे निघाला होता. अनसूयाबाई वाटेत आडव्या झाल्या.

"बेटी, इतनी दूर आई हो. एक बात देखकर जाओ. वो मई का फोटो है तुम्हारे पास?"

मॅडमनी मोबाइलवर फोटो उघडला. अनसूयाबाईंनी त्यांना दंडाला धरून एका चपट्या दगडावर उभं केलं. समोर फोटोतलेच तीन दगड, एकावर एक. फोटोत राखाडी. समोर हिरवंगार, सालईची झालर, कुल्लूची पंज्यासारखी पानं, दगडांच्या कमरेपर्यंत चढलेले वेल.

मॅडमनी पाहिलं, पण डोकं हलवलं. आणि प्रश्न विचारला तो बाई खरीखुरी हुशार होती म्हणूनच. "अम्मा, बरसात में तो छत पर भी घास उग आती है. हरा दिखने से जंगल नहीं हो जाता. दिवाली तक सब सूख जाएगा. तो साबित क्या हुआ?"

भय्यासाहेबांना वाटलं, संपलं. अनसूयाबाईंना वाटलं, आता कुठे सुरू झालं.

त्यांनी पिशवीतून पाचही वह्या काढून दगडावर मांडल्या. "ये सब बरसात के ही हैं. हर साल भादों, गणपति के पहले का दिन. बरसात की तुलना बरसात से करो. अधिक महिना आला की भाद्रपद उशिरा येतो, तेही लिहून ठेवलंय, म्हणजे गवत जास्त वाळलेलं दिसलं तरी फसायला होत नाही." बोलता बोलता त्या मराठीत घसरल्या, विनता मागून हिंदी करून देत राहिली.

मॅडमनी मधली वही उचलली. वाळून तपकिरी झालेलं एकएक पान, पुढे जागा. "दो हज़ार दो. अर्जुन?"

"अक्षता," अनसूयाबाई वही न पाहता म्हणाल्या. "अक्षता म्हणजे नाही मिळालं. त्या साली तीन. दो हज़ार चौदह में सात. आता अकरा."

"यह तो कोई एक दिन में बैठकर भी लिख सकता है," दोरीवाला बाही चाचपत पुटपुटला.

"हाँ, लिख सकता है," अनसूयाबाईंनी त्याला मान दिला. "तो परीक्षा लो."

मॅडमनी शेवटच्या वहीत बोट ठेवलं. "विष्णुक्रांत. लिखा है, तीन पत्थर के नीचे, पूरब की तरफ. दिखाइए."

आता इथे गोची. विष्णुक्रांत म्हणजे जमिनीला चिकटून असणारं वीतभर झाड, निळं फूल टिकलीएवढं. ते फूल सकाळी उमलतं आणि दुपारी मिटतं. साहेबलोक नवाला आले असते तर निळी रांगोळी दिसली असती. आता दीड वाजला होता आणि टोरियावर हजार तऱ्हेचं हिरवं गवत. निळा ठिपका कुठेच नाही.

अनसूयाबाई गुडघ्यांवर बसल्या. पाणी न घेतलेल्या, वय पासष्ट. गवतावर हात फिरवू लागल्या, डोळे मिटून, पोळपाटावर पीठ पसरावं तशा. भय्यासाहेब बोट चावत उभे. एक हातभर जागा झाली, दोन हात झाली. मॅडमनी घड्याळ पाहिलं.

"हे बघ!" आवाज असा आला की झाडावरचे पोपट उडाले. बोटांत इवल्या पानांची काडी. "हाथ लगाओ. रेशम जैसा लगता है कि नहीं? बाकी घास खरखर करती है."

मॅडम बुटांसकट गुडघ्यांवर बसल्या. हात लावला. मग स्वतःच शेजारी चाचपू लागल्या आणि त्यांना दुसरं सापडलं, तिसरं सापडलं. तिसऱ्याला त्या लहान पोरीसारख्या ओरडल्या, "यह भी है!"

मग काय विचारता! बाई तीन तास टोरियावर होत्या. अनसूयाबाईंनी त्यांना बेलाचा जुना बुंधा दाखवला. खाली कुऱ्हाडीचा घाव अजून दिसतो, आणि त्याच्या कडेनं मांडीएवढी जाड पाच खोडं उठलेली. "ही काय या बरसातीत आली?" पिंपळ दाखवला, दगडाच्या फटीत बोटं घालून उभा. खाली ओढ्यात माका दाखवला. "आजकल पाऊस उशिरा येतो आणि एकदम कोसळतो, पाणी तुंबते, म्हणून हा वाढून राहिला. आभाळ आपलं काम करते, माणूस आपलं."

मॅडमनी विचारलं, "तो दोनों में ज़्यादा नुकसान किसने किया? सूखे ने, या लोगों ने?"

अनसूयाबाईंनी त्याच घावावर हात ठेवला. "कोरडं वर्ष झाड सोसते. कुऱ्हाडही सोसते. दोन्ही एकदम आली की मरते. आणि जेसीबी आला तर मूळच राहत नाही, मग सोसणार कोण?"

विनतानं हे हिंदी करून सांगितलं. मॅडमनी ते शब्दशः लिहून घेतलं. जाताना दोरीवाल्यानंच वह्यांची पिशवी उचलून खाली आणली.

तपासणीच्या अहवालात काय होतं ते नंतर कळलं. "बोरवेल: शून्य. बेर: सात." आणि खाली दीड पान. ही टोरिया बंजर नाही, उन्हाळ्यात पानं झडणारं, स्वतःहून परत येणारं जंगल आहे. पावसाळ्यानंतर झाडं ओळखणाऱ्या माणसांकडून पुन्हा मोजणी व्हावी. ती माणसं आश्विनात आली, दोघं. चार दिवस दोऱ्या बांधून खोडं मोजली. प्रत्येक बुंध्यापाशी वहीचं पान उघडून पाहिलं. शेवटच्या दिवशी त्यातला मोठा माणूस अनसूयाबाईंच्या पायाच पडला. म्हणाला, इतक्या वर्षांची एकाच ऋतूतली, एकाच जागेची नोंद आमच्याकडेसुद्धा नाही. अनसूयाबाई म्हणाल्या, "कापूस नको होता म्हणून लिहिली हो." त्याला काही उमगलं नाही.

पण हुकूम येईना. दसरा झाला. सोन्याची पानं वाटून झाली. शनिवारी संध्याकाळी विनता धावतच घरात आली, हातात कागद. सौंदर्यीकरण रद्द. टोरिया आहे तशी राखायची. घाणेरी हातांनी उपटायची, यंत्र चढवायचं नाही. अनसूयाबाईंनी तो कागद स्वतः वाचला, सगळा, खालच्या शिक्क्यापर्यंत. मग देवापुढे ठेवला, आणि पुन्हा उचलून पदरात बांधला. "देवाला पाठ आहे. सोमवारी मलाच लागेल."

आणि पाहा, बाईचं गणित! शनिवारचा हुकूम सोमवारपर्यंत जेसीबीवाल्यापर्यंत कुठे पोचतो? सकाळी आठाला धडधडत आलाच तो पिवळा राक्षस, वस्तीच्या अरुंद गल्लीतून, दोन्ही बाजूंच्या भिंतींना विती विती अंतर ठेवत. गल्लीच्या तोंडाशी, टोरियाच्या पहिल्या दगडासमोर, अनसूयाबाई मधोमध उभ्या. पाच फूट.

"अम्मा, हटिए, काम है," वरून ड्रायव्हर.

"काम रद्द है. उतरो, पढ़ो."

तो उतरला, पदराच्या गाठीतला कागद वाचला, डोकं खाजवलं, फोन लावला. पलीकडचा बराच वेळ बोलला. ड्रायव्हरनं फोन खिशात घातला. "सही है अम्मा. वापस जाना है." मग त्यानं मागे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. गल्लीत यंत्र वळवायला जागाच नव्हती. अख्खी गल्ली उलटं जायचं.

तोवर वस्ती गोळा झालेली. मराठी घरं, हिंदी घरं, चहावाला, दूधवाला, शाळेला निघालेली विनता. भय्यासाहेबांनी फिटरच्या इतमामात उजवी भिंत सांभाळली, विनतानं डावी. सायकली उचलल्या गेल्या, दोरीवरची धुणी ओढली गेली, कुणीतरी झोपलेलं कुत्रं हाकललं. आणि इतका वेळ त्या यंत्राची वाट अडवून उभ्या राहिलेल्या अनसूयाबाई आता त्याला वाट दाखवायला पुढे सरल्या. दोन्ही हात हवेत हलवत त्या ओरडल्या, "पीछे! आने दो, आने दो!"

साऱ्या गल्लीनं तो सूर उचलला. "आने दो! आने दो!" यंत्र पीं पीं करत, इंचाइंचानं, एकेक घर मागे टाकत निघालं. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तो गजर थांबला नाही, आणि त्या सगळ्या आवाजांत सर्वांत मोठा आवाज कुणाचा होता, हे चहावाल्याला विचारा. त्याचं दूध उतू गेलं होतं आणि तो नाचत होता.